पक्ष्यांच्या गावी एक तास

वडोदऱ्यात पक्षी पाहायचे म्हणजे हिवाळ्यातली एखादी पहाट, डभोईजवळचा वढवाणा तलाव, गळ्यात दुर्बीण आणि थर्मासमधला चहा. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावावर दर हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरतात, आणि २०२१ पासून तो रामसर यादीतही आहे. पण तिथला पक्षी आपल्यापासून लांबच राहतो. आपण एक पाऊल पुढे टाकलं, की तो दहा पावलं मागे सरकतो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलंडमध्ये फार्न नावाची बेटं आहेत. तिथं सगळं उलटं आहे. तिथं पक्षी आपल्या पायाशी अंडी उबवत बसतो आणि आपल्याला हलायला जागा नसते. २०२४ च्या जूनमध्ये, तिसऱ्या आठवड्यात, मी ही बेटं पाहून आले. आपल्या मंडळातली कितीतरी मुलं हल्ली शिकायला तिकडे जातात. त्यांच्यासाठी म्हणून हे लिहिते आहे.

माझी भाची न्यूकॅसलला नोकरी करते. २०२२ च्या उन्हाळ्यात तिनं फार्नला जायचा बेत आखला होता, पण जुलैच्या सुरुवातीलाच बेटं बंद झाली. पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली होती. पुढच्या वर्षीही बोटी बेटांभोवती फिरून परत येत, उतरायला परवानगी नव्हती. २०२४ च्या मार्चमध्ये इनर फार्न हे बेट पुन्हा उघडलं आणि तिचा फोन आला, "मावशी, जूनमध्ये येतेयस ना? मग लंडन नंतर बघू, आधी पक्षी!"

बोटीतून दिसलेली वस्ती

न्यूकॅसलहून सीहाउझेसला बसनं जायला दोन-अडीच तास लागतात. सीहाउझेस म्हणजे छोटंसं बंदर. धुरी दिलेल्या हेरिंग माशांसाठी प्रसिद्ध. बंदरावर बोटवाल्यांच्या टपऱ्या आहेत. आमच्या बोटीत आजी-आजोबा होते, शाळकरी मुलं होती, आणि हातभर लांबीची लेन्स लावलेले कॅमेरेवालेही होते. जून महिना असूनही आम्ही दोघींनी स्वेटर आणि त्यावर विंडचीटर चढवलेलं होतं. उत्तरेला किनाऱ्यावरचा बॅम्बरो किल्ला दिसत होता.

ओहोटीच्या वेळी मोजली तर ही बेटं २८ भरतात. भरती आली की त्यातली बरीच पाण्याखाली जातात. सगळी काळ्या, कठीण दगडाची. आपल्याला पावागडाचा काळा कातळ माहीत आहे, तो ज्वालामुखीतून आला. फार्नचा दगडही लाव्हाचाच, फक्त तो वर न येता जमिनीच्या पोटातच थिजला, तोही सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. पुढे वरचे थर झिजले आणि हे कातळ उघडे पडले. समुद्राच्या बाजूला त्यांचे सरळसोट कडे आणि सुटे खांब उभे आहेत. पक्ष्यांना तेच हवं असतं, कारण तिथं कोल्हा पोचत नाही, उंदीर पोचत नाही आणि खाली उडी मारली की मासळीचं ताट.

स्टेपल बेटाजवळ बोट गेली तेव्हा आधी वास आला, मग आवाज आला आणि त्यानंतर पक्षी दिसले. वास शिटाचा, इतका उग्र की शेजारच्या छोट्या मुलानं सरळ नाक धरलं. समोरच्या खांबांच्या माथ्यावर काळे-पांढरे पक्षी खांद्याला खांदा लावून उभे होते, लोकलच्या डब्यात उभी असतात तशी. हे गिलेमॉट. ते घरटं बांधतच नाहीत. मादी उघड्या खडकावर एकच अंडं घालते. ते पेरूसारखं एका टोकाला निमुळतं असतं. त्यामुळे ते गोल फिरतं आणि कड्यावरून पडत नाही, असं फार वर्षं सांगितलं जाई. अलीकडच्या अभ्यासकांचं म्हणणं असं, की या आकारामुळे ते उतारावर मुळातच नीट टेकून राहतं. प्रत्येक अंड्याचा रंग आणि ठिपके वेगळे असतात, म्हणून एवढ्या गर्दीतही आईबापांना आपलं अंडं ओळखता येतं.

पिल्लू तीन आठवड्यांचं झालं, की अजून उडता येत नसतानाच कड्यावरून समुद्रात उडी टाकतं. खाली बाप हाका मारत थांबलेला असतो. पुढचे काही आठवडे समुद्रावर त्याला वाढवण्याचं काम बापाचं. बोटवाल्यानं हे सांगितल्यावर भाची म्हणाली, "आणि आमच्या घरी मला एकटीला स्टेशनवरसुद्धा सोडत नव्हते!"

कड्याच्या अरुंद कंगोऱ्यांवर किटिवेक होते. आपल्याकडच्या कुरवांच्या कुळातला हा नाजूक पक्षी 'किटिवेक, किटिवेक' असं स्वतःचंच नाव ओरडत असतो. चिखल आणि गवत थापून तो कड्याला घरटं चिकटवतो. न्यूकॅसलच्या टाइन पुलावरही त्यांची वस्ती आहे, समुद्रापासून सुमारे १३ किलोमीटर आत. समुद्रापासून इतक्या आत किटिवेक जगात दुसरीकडे कुठेही घरटी करत नाहीत. भाची रोज त्या पुलाखालून जाते. "तिकडे पुलाखाली छत्री उघडून चालावं लागतं," ती म्हणाली, "पण इथं त्यांचं मूळ गाव बघितलं."

वाटेत लाँगस्टोनचं लाल-पांढरं दीपगृह लागलं. ७ सप्टेंबर १८३८ ला पहाटे फॉरफरशायर नावाची आगबोट इथल्या खडकांवर फुटली. दीपगृहाच्या रखवालदाराची २२ वर्षांची मुलगी ग्रेस डार्लिंग हिनं वडिलांबरोबर वल्ह्याची होडी त्या वादळात घातली. पहिल्या फेरीत ती वल्ही मारत गेली, दुसऱ्या फेरीत वडील आणि वाचलेले खलाशी गेले, आणि नऊ माणसं वाचली. चार वर्षांनी क्षयानं ती गेली. बॅम्बरोला तिचं संग्रहालय आहे.

टोपी कशाला?

इनर फार्नला उतरण्यापूर्वी बोटवाल्यानं विचारलं, "सगळ्यांकडे टोप्या आहेत ना?" ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. मग टोपी कशाला, ते धक्क्यावर पाय ठेवताच कळलं.

वाटेच्या दोन्ही बाजूंना, अगदी पायाच्या बोटापासून वीतभर अंतरावर सुरय बसले होते. आपल्या नद्यांवर जो सुरय दिसतो त्याचाच हा उत्तर ध्रुवाकडचा भाऊ, आर्क्टिक टर्न. पांढरंशुभ्र अंग, काळी टोपी, रक्तासारखी लाल चोच. वजन शंभर ग्रॅम, म्हणजे साबणाच्या एका वडीएवढं. पण हिंमत बघा. आपण घरट्याजवळून चाललो की तो हवेत उठतो, कर्कश ओरडतो आणि थेट डोक्यावर चोच मारतो. माझ्या टोपीवर तीन वेळा ठोसे बसले. समोरच्या गृहस्थांच्या टकलावर रक्त आलं, तरी ते हसतच होते.

या एवढ्याशा जिवाचा प्रवास ऐकून तर चकित व्हायला होतं. २०१५ साली फार्नवरच्या काही सुरयांच्या पायाला अभ्यासकांनी छोटी यंत्रं बांधली. त्यातला एक पक्षी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यानं खाली गेला, दक्षिण टोकाला वळसा घालून आपल्या हिंदी महासागरात शिरला, तिथून अंटार्क्टिकाला गेला आणि २०१६ च्या मेमध्ये पुन्हा फार्नला आला. एकूण प्रवास ९६ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालूनही वर बरंच उरतं. एवढं जग फिरून तो घरटं करतो ते याच लहानशा बेटावर.

लाकडी फळ्यांच्या वाटेवर थोडं पुढे गेलो आणि रांग थांबली. वाटेच्या मधोमध सुरयाचं एक पिल्लू बसलं होतं. कापसाच्या बोळ्याएवढं, करड्या ठिपक्यांचं, डोळे मिटलेलं. बेटाची राखण करणारी तरुण मुलगी हात पसरून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "ते उठेपर्यंत थांबायचं." पिल्लाला हातानं उचलून बाजूला ठेवता आलं असतं की, असं मला वाटलं. मी विचारलंही. ती म्हणाली, "आम्ही सारखे हात लावायला लागलो तर आईबाप बिथरतात. तेवढ्यात वरून कुरव आला तर पिल्लू संपलंच. शिवाय हे घर त्यांचं आहे."

आम्हाला बेटावर मिळणारा वेळ एक तास. त्यातली सात-आठ मिनिटं त्या पिल्लासाठी गेली. मागे तीसेक माणसं थांबली होती. एवढा खर्च करून आलेली, कॅमेरे सरसावलेली. एकानंही कुरकुर केली नाही. शेवटी आई चोचीत चांदीच्या तारेसारखी मासळी घेऊन आली, पिल्लू लुटुलुटु गवतात गेलं आणि रांग पुढे सरकली.

टॉमी नॉडी

ज्याच्यासाठी बहुतेक जण येतात तो पफिन मात्र बेटाच्या गवताळ भागात. इथले लोक त्याला लाडानं 'टॉमी नॉडी' म्हणतात. फोटोत पाहून तो मोठा असावा असं वाटतं, प्रत्यक्षात उंची एक फुटाच्या आतच. पाठ काळी, पोट पांढरं, पाय केशरी आणि ती प्रसिद्ध रंगीत चोच. ही चोच म्हणजे लग्नसराईचा साज आहे. उन्हाळा संपला की वरची रंगीत पुटं गळून पडतात आणि हिवाळाभर तो साध्या, करड्या तोंडानं भर समुद्रात राहतो. जमिनीवर तो फक्त पिल्लांसाठी येतो. एप्रिलमध्ये यायचं, जमिनीत हातभर बीळ करायचं, एकच अंडं घालायचं आणि ऑगस्टपर्यंत निघून जायचं.

आम्ही गेलो तेव्हा बिळांत पिल्लं होती, म्हणून आईबापांची धावपळ चालली होती. समुद्रावरून पफिन गोळीसारखा येतो, चोचीत आडव्या लटकणाऱ्या आठ-दहा मासळ्या. जिभेनं त्या टाळूवरच्या काट्यांना दाबून धरायच्या आणि चोच उघडून पुढची पकडायची, अशी त्याची युक्ती. बिळाच्या तोंडाशी कुरव टपून बसलेले असतात. पफिन उतरला रे उतरला की ते झडप घालतात. त्यामुळे तो जमिनीला पाय लागताच दुडदुडत बिळात घुसतो. एकाची मासळी आमच्यासमोर लुटली गेली. तो क्षणभर रिकामी चोच घेऊन उभा राहिला आणि पुन्हा समुद्राकडे उडाला. भाचीनं कॅमेरा खाली केला. "काढ ना फोटो," मी म्हटलं. "नको गं मावशी," ती म्हणाली, "बिचाऱ्याला परत जावं लागलं."

ही मासळी म्हणजे सँड ईल, वाळूत राहणारी बारीक मासळी. उत्तर समुद्रातल्या पक्ष्यांचं पोट तिच्यावर चालतं. माणसं मात्र तिला तेलासाठी आणि जनावरांच्या खाद्यासाठी जहाजं भरभरून पकडत. २०२४ च्या वसंतात ब्रिटननं उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या हद्दीत तिच्या मासेमारीवर बंदी घातली. डेन्मार्कच्या कोळ्यांना ती फार जाचली, वाद झाला. कड्यावरचं पिल्लू जगतं की नाही हे असं समुद्राखाली आणि सरकारी कचेरीतही ठरत असतं.

जी दोन वर्षं कोणी उतरलं नाही

बेटावर चौदाव्या शतकातलं एक दगडी प्रार्थनाघर आहे. सातव्या शतकात इथं कथबर्ट नावाचे संत एकांतात राहत. ६८७ साली ते याच बेटावर गेले. आयडर नावाच्या बदकांवर त्यांचा फार जीव. पक्ष्यांना आणि अंड्यांना त्रास द्यायचा नाही, असा नियम त्यांनी घालून दिल्याचं सांगतात. अजूनही इथले लोक आयडरला 'कडीचं बदक' म्हणतात. कडी म्हणजे कथबर्टचं घरगुती नाव. आम्ही गेलो तेव्हा प्रार्थनाघराजवळच एक आयडर गवतात बसली होती, इतकी निश्चिंत की दगडच वाटावा.

पण मधल्या काळात माणसं एवढी संतवृत्तीची नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या किनाऱ्यांवर अंडी टोपल्या भरून नेली जात आणि बोटीतून पक्षी मारणं हा शनिवार-रविवारचा खेळ होता. ते फार वाढलं तेव्हा १८६९ मध्ये समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा आला. १९२५ पासून ही बेटं नॅशनल ट्रस्टकडे आहेत. बेटावर राखणदार राहतात, पक्षी मोजतात. पफिन मोजायचे म्हणजे पोटावर झोपून बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि आत कोणी आहे का ते चाचपायचं. आतला पफिन कडकडून चावतो, हे त्या मुलीनं मनगट दाखवून सांगितलं.

२०२२ च्या उन्हाळ्यात याच राखणदारांना वेगळं काम करावं लागलं. अंगभर पांढरे पोशाख, तोंडाला मास्क, आणि मेलेले पक्षी उचलायचे. त्या एका हंगामात त्यांनी सहा हजारांहून जास्त पक्षी उचलले. समुद्रात पडून वाहून गेले ते वेगळेच. गिलेमॉट आणि किटिवेक खांद्याला खांदा लावून राहतात, त्यामुळे साथ त्यांच्यात झपाट्यानं पसरली. म्हणून दोन वर्षं माणसांना उतरू दिलं नाही. सीहाउझेसच्या बोटवाल्यांचं पोट या पर्यटकांवर चालतं, त्यांनाही झळ बसली. तरी बेटं बंदच राहिली.

आम्ही परतल्यावर काही महिन्यांनी २०२४ च्या मोजणीचे आकडे आले. पफिनच्या सुमारे ५० हजार जोड्या, २०१९ पेक्षा १५ टक्के जास्त. प्रत्येक जोडी आपापल्या बिळात वेगळी राहते, त्यामुळे ते साथीतून वाचले असावेत. सुरय, शॅग अशा काही पक्ष्यांची संख्या मात्र खूप घटलेली निघाली. भाचीनं ती बातमी मला पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, 'आपलं पिल्लू मोजलं असेल का?'

या सहलीतून माझ्यापुरतं मला एक कळलं. तिथला पक्षी आपल्याला घाबरत नाही, याचं कारण तो वेगळ्या मातीचा आहे हे नव्हे. माणूस इथं ठरलेल्या वाटेनंच चालतो, एक तासच थांबतो आणि सांगितलं की दोन वर्षं येतही नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या अनुभवाला आलेलं आहे. एवढ्या जवळून पक्षी पाहायला मिळणं, ही त्या थांबण्याची परतफेड आहे.

अशी बेटं आपल्यालाही आहेत. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाची खडकाळ बेटं आहेत, त्यातल्या एकावर दीपगृह आहे. तिथं सुरय घरटी करतात आणि गुहांमध्ये भारतीय पाकोळ्या आपल्या लाळेनं घरटी बांधतात. पक्षीतज्ज्ञ हुमायूँ अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारासच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. परदेशात या घरट्यांचं सूप करतात, म्हणून ती चोरली जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं त्यांच्या रक्षणासाठी काम केलं. गोवा, बेळगावच्या आपल्या मंडळींना हे अगदी जवळ आहे. कधी तिकडे बोटीनं गेलात तर गुहेत शिरू नका, घरट्यावर टॉर्च मारू नका आणि बोटवाल्यालाही 'अजून जवळ घ्या' म्हणू नका.

जायचं असेल तर

फार्नला पफिन पाहायचे तर मे ते जुलैच्या मध्यापर्यंत जा. ऑगस्टमध्ये कडे रिकामे होतात. पिल्लं पाहायची असतील तर जूनचा दुसरा पंधरवडा उत्तम. बोटीचं तिकीट आधी काढून ठेवा. बेटावर उतरण्याचे पैसे नॅशनल ट्रस्टला वेगळे द्यावे लागतात, सभासदांना ते लागत नाहीत. कोणत्या बेटावर उतरू देतात हे दरवर्षी बदलू शकतं, निघण्यापूर्वी चौकशी करा. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, म्हणून हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्या. कपडे असे घाला की शिटानं खराब झाले तरी वाईट वाटू नये. जाड टोपी हवीच, आणि एखादं पिल्लू वाटेत बसलं तर थांबायची तयारीही हवी.